मोरचुदातलं पाणी

आज अकरावीच्या बॅचकडून मोरचुदातलं, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या खड्यांतलं, पाणी मोजून घेतलं. मूस (खडे तापवायची छोटी वाटी) तापली, निळे खडे कडेकडेने पांढरे पडायला लागले आणि सगळी पोरं टेबलाभोवती गोळा झाली. हाताला कोरड्या लागणाऱ्या खड्यात वजनाने ३६ टक्के पाणी असतं, हे वाचून पटत नाही; काट्यावर पटतं. पुण्यात सध्या पावसाची झिमझिम, हवा दमट, म्हणून मूस डेसिकेटरमध्येच (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार करायची, नाहीतर पावडर पुन्हा ओल ओढते. लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत, म्हणजे सगळं पाणी उडून जाईपर्यंत, तापवायचं. आच फार वाढवली तर मात्र पावडर काळवंडते. शेवटी एकीने टेस्टट्यूबमधल्या पांढऱ्या पावडरवर थेंबभर पाणी टाकलं. क्षणात निळी! "मॅडम, गरम लागतंय!" शिक्षक मित्रांनो, हा प्रयोग नुसत्या व्हिडिओवर भागवू नका, प्लीज.