तोटीच्या वॉशरमागे

"ताई, बाटल्या फुटतायत. आत्ता तिसरी गेली."

इंग्लंडात शेफील्डला मी होमब्रूच्या, म्हणजे घरी बिअर करण्याच्या, सामानाच्या दुकानात काम करते. सकाळचे फोन बहुतेक ठरलेले असतात. कुणाला हवं ते यीस्ट आलंय का विचारायचं असतं, कुणाच्या बादलीत दोन दिवस झाले तरी फेस आलेला नसतो. हा आवाज मात्र घाबरलेला होता. मुलगा सातारचा, नोकरीसाठी इकडे आलेला, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) नेहमी आमच्याकडूनच नेणारा. मी आधी विचारलं, "घरात कोण कोण आहे?" बायको होती आणि दोन वर्षांची मुलगी. बाटल्या होत्या जिन्याखालच्या कपाटात, बॉयलरला लागून.

"दार लावून घे. आत डोकावू नकोस. बॉयलर बंद कर, खिडक्या उघड आणि बायकोला पोरीसकट शेजारी पाठव."

दाबाखालची काच फुटली की तुकडे गोळीसारखे सुटतात, त्यात डोळा जाऊ शकतो. अशा वेळी लोक धावत जाऊन क्रेट उचलायला बघतात आणि नेमकं तेच करायचं नसतं. आधी सगळं गार होऊ द्यायचं. थंड बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो, त्यामुळे दाब उतरतो. फेब्रुवारी होता, त्यामुळे थंडीची कमी नव्हती.

मी प्रत्येकाला सांगते की प्रत्येक खेपेची एक बाटली प्लास्टिकची भरा, कोल्ड्रिंकची चालेल. दाबून पाहिली की आत किती वायू झालाय ते बोटांना कळतं. त्याने ती भरली होती आणि सुदैवाने ती स्वयंपाकघरातल्या फळीवर होती. ती, त्याची वही आणि रिकामी बादली घेऊन दुपारी तो दुकानात आला. बाटली दगडासारखी टणक, बूड फुगून बाहेर आलेलं.

बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि वही उघडली. बिअर पेल एल प्रकारची. सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, १.०४६. यीस्ट साखर खातं तशी ती उतरते, आणि थांबली की यीस्टचं काम संपलं असं धरतात. लागोपाठ तीन दिवस १.०१२ आल्यावरच त्याने बिअर बाटल्यांत भरली होती. बाटलीत फेस यावा म्हणून तेवीस लिटरला १३० ग्रॅम साखर, पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये नीट मिसळलेली. अशा प्रकरणात नव्वद टक्के वेळा कारण वहीतच सापडतं: घाईने भरलेली बिअर, नाहीतर अंदाजाने घातलेली साखर. इथे तसं काहीच नव्हतं. पोराने सगळं अगदी नियमाने केलं होतं आणि तरी सहा आठवड्यांनी त्याच्या घरात काचा उडाल्या होत्या. मला ते फार लागलं.

टोपण थोडं सैल करायचं, फेस वर आला की पुन्हा घट्ट करायचं, असं बराच वेळ चाललं. मग दोन भांड्यांत वरखाली ओतून उरलेला वायू घालवला आणि नमुना वीस अंशांवर आल्यावर त्यात हायड्रोमीटर, ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती नळी, सोडला. १.००३. बाटलीबंद झाल्यावर बिअर नऊ अंक खाली उतरली होती. ढोबळ हिशोब असा, की ग्रॅव्हिटी दोन अंकांनी उतरली की बिअरच्या मापाइतका वायू तयार होतो. म्हणजे इथे साडेचार पट, शिवाय साखरेचा आणि आधीच विरघळलेला मिळून सव्वादोन. साध्या बाटलीने तीन पटींच्या फार पुढे जाऊ नये.

मी चव घेतली. आंबटपणा अजिबात नाही, म्हणजे बॅक्टेरियाचा संशय मागे पडला. बिअर पातळ, कोरडी, आणि शेवटी जिभेवर लवंग. पेल एलमध्ये लवंग कशाला येईल? वहीचं मागचं पान उलटलं. आधीची खेप सेझॉनची, म्हणजे बेल्जियन पद्धतीच्या बिअरची, याच बादलीत.

सेझॉनची काही यीस्टं 'डायस्टॅटिकस' जातीची असतात. साधं यीस्ट माल्टमधल्या साध्या साखरा खातं आणि लांब साखळीच्या डेक्स्ट्रिनना तोंड लावत नाही. डायस्टॅटिकसजवळ एसटीए-१ नावाचं जनुक असतं. त्याच्या जोरावर ते ग्लुकोअमायलेज हे एन्झाइम बाहेर सोडतं, डेक्स्ट्रिन तोडतं आणि खातं. हे काम संथ असतं, आठवडे चालतं, त्यामुळे तीन दिवस सारखं येणारं रीडिंगही फसवं ठरतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते साध्या यीस्टसारखंच दिसतं. मी मायक्रोबायॉलॉजीची, तरी नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही.

"पण ताई, मी बादली सॅनिटायझरने धुतली होती."

बादली काउंटरवर आडवी घेऊन मी तोटी फिरवून काढली. वॉशर नखाने उचलला. त्यामागे तपकिरी, बुळबुळीत वळं बसलेलं, आट्यांच्या खाचांतही तेच. वास लवंगेचा. तो कितीतरी वेळ त्या वॉशरकडे बघत राहिला.

सॅनिटायझर जंतू मारतो, मळ काढत नाही. मळाच्या थराखाली जे बसलंय त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही. आधी गरम पाण्यात सोडियम परकार्बोनेट घालून भिजवायचं, तोटी दर वेळी पूर्ण सुटी करायची, मग सॅनिटायझर. प्लास्टिकला तारेची घासणी लावायची नाही, ओरखड्यांत हेच घर करतं. तोटी आणि नळी दोन-चार पौंडांत नवी मिळते, संशय आला तर जीव अडकवू नये. यीस्टच्या माहितीपत्रकात डायस्टॅटिकसचा उल्लेख बरेचदा असतो, तो वाचावा आणि त्यासाठी बादली, तोटी, नळी वेगळी ठेवावी.

इथे १९६३ साली घरगुती बिअरवरची लायसन्सची अट गेली, म्हणून हे सगळं उघडपणे विचारता-सांगता येतं. महाराष्ट्रात विनापरवाना घरी बिअर करणं दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. गावाकडच्या भावंडांनी हे वाचून बादली आणायला जाऊ नये.

कपाट त्याने दुसऱ्या दिवशी उघडलं. डोळ्यांवर दुकानातला सेफ्टी गॉगल, हातात चामडी मोजे, अंगात जाड जॅकेट. क्रेटवर भिजवलेलं घोंगडं टाकलं, आणि एकेक बाटली टॉवेलखाली धरून टोपणाची कड जराशी उचलली. बॉयलरकडच्या बाजूच्या आणखी दोन रात्रीतून गेल्या होत्या. बाकीच्या शाबूत निघाल्या.

माझी खात्री व्हायची होती. प्लास्टिकच्या बाटलीतला गाळ थोडासा एका तयार, १.०१२ ला थांबलेल्या एलमध्ये घातला, दुसऱ्या बरणीत तीच एल आणि आमचं नेहमीचं यीस्ट. दोन्ही पंचवीस अंशांच्या उबेत ठेवल्या. काही आठवड्यांनी नेहमीचं यीस्ट १.०१२ लाच होतं आणि गाळवाली बरणी १.००४ वर उतरली होती. मी त्याला फोन केला. जुन्या बादलीवर त्याने लाल टेप गुंडाळून 'फक्त सेझॉन' असं लिहून ठेवलं होतं. नवी बादली न्यायला तो शनिवारी येणार होता. या वेळी त्याला तोटी नसलेली हवी होती, सायफनवाली.