ई-टाइप की एनएसएक्स? निकाल लिफ्टवर लागला

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीजवळच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी जुन्या गाड्या तपासतो, तिथे त्या दिवशी दोन लिफ्टवर दोन गाड्या होत्या: १९६२ची जॅग्वार ई-टाइप आणि १९९१ची होंडा एनएसएक्स. दोन्ही एकाच गिऱ्हाइकासाठी. डॉक्टरकाका मूळचे साताऱ्याचे, आयुष्य इथल्या हॉस्पिटलांत गेलेलं. निवृत्तीनंतर एकच गाडी घ्यायची होती. "तू फक्त सांग, कुठली घेऊ," म्हणाले.

सकाळी दोन्ही चालवून पाहिल्या. ई-टाइपच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी रचना, नाही, त्यामुळे गाडी थांबल्यावरच तो टाकायचा, पण ३.८ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन अगदी कमी फेऱ्यांवरही भरभरून ओढतं. एनएसएक्सचं ३ लिटर व्ही-६ तर मिनिटाला ८००० फेऱ्यांपर्यंत न अडखळता चढतं, पिस्टनला जोडलेले कनेक्टिंग रॉड टायटेनियमचे. ते चढणं ऐकून काकांनी मनोमन निवड केली होती. लाल रंगही निर्दोष. ई-टाइपचं क्रोम मात्र डागाळलेलं, सीटचं चामडं फाटलेलं.

आधी ई-टाइप वर घेतली. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक सिलवरून, म्हणजे दाराखालच्या पोलादी पट्टीवरून, फिरवत नेलं, तर डावीकडे मागच्या टोकाला ते धरेचना. खाली पुट्टी, आत गंज. या गाडीत सिल नुसती शोभेची नसते, मधल्या सांगाड्याचा भार तिच्यावर असतो. काकांचा चेहरा उतरला.

एनएसएक्सवर चुंबकाचा उपयोग नाही. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकसंध, असलेली, नियमित उत्पादनातली ही पहिली गाडी. रंगाची जाडी मोजणारं गेज लावलं आणि उजव्या पुढच्या फेंडरवर आकडा एकदम वर गेला, म्हणजे तिथे नंतर काम झालेलं. चाकामागचं प्लास्टिक काढलं. आतल्या रेलवर, म्हणजे सांगाड्याच्या दांड्यावर, ओबडधोबड वेल्डिंग, शेजारी कुणीतरी ठोकलेले साधे पोलादी बोल्ट आणि त्यांच्याभोवती पांढरी भुकटी. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं, आणि इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. जपानच्या सुझुका ट्रॅकवर एनएसएक्सचा प्रोटोटाइप चालवून फॉर्म्युला वनचा विजेता आयर्टन सेन्नाने सांगाडा अजून कणखर हवा असं सांगितलं होतं, होंडाने तो केलाही. तीच कणखरता अशा दुरुस्तीत जाते, म्हणून मला ते वेल्डिंग बघून खरंच वाईट वाटलं.

"काका, ई-टाइप घ्या. पण सिलचे पैसे किमतीतून कापून."

"अरे, गंजलेली घेऊ आणि चकचकीत सोडू?"

मी त्यांना लिफ्टखाली नेलं. ई-टाइपच्या इंजिनाभोवतीची नळ्यांची फ्रेम बोल्टने जोडलेली आहे. खराब झाली तर उतरवून नवी बसवता येते. सिलचा पत्रा आजही नवा मिळतो आणि हे काम जाणणारे हात याच परिसरात आहेत. एनएसएक्सची ती रेल सरळ करायची तर गाडी अचूक मापात धरून ठेवणारी खास चौकट, जिग, लागते, अ‍ॅल्युमिनियममध्ये मुरलेला वेल्डर लागतो, आणि एवढं करूनही मूळ मापं जुळतील याची हमी मी देणार नाही. मॉडेल म्हणून एनएसएक्स मला तसूभरही कमी वाटत नाही. धडक न बसलेली मिळाली तर मीच त्यांना फोन करीन, असं सांगितलं.

काकांनी ऑफिसातूनच ई-टाइपच्या मालकाला फोन लावला. मी सिलचे फोटो पाठवले. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर किंमत उतरली आणि सिलचं काम आमच्याकडेच आलं.