आमची वाटचाल : शेवटचा हात घरच्याचा

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी खाली चार माग आणि वर दोन खोल्या. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने मागांच्या आवाजात मला झोप लागत नसे. पुढं माग बंद पडला की जाग यायला लागली. या घरात केकचा धंदा सुरू होईल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

सुरुवात २०१६ साली झाली, जावेच्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला. आमच्या लहानपणी घरी केक म्हणजे कुकरच्या तळाला वाळू घालून, शिट्टी काढून, मंद आचेवर केलेला. दिवाळीत नानकटाईचं पीठ मळून, ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं आणि किलोमागे भाजणावळ देऊन परत आणायचं. तेवढीच आमची बेकिंगची ओळख. पुतणीसाठी मी तोच वाळूवरचा केक केला. ४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, पाव किलो मैदा, थोडं लोणी, एकेक चमचा सोडा आणि बेकिंग पावडर. वर क्रीम नव्हतं. सुक्या खोबऱ्याचा कीस आणि टुटीफ्रुटी. गल्लीतल्या दोघी तिघींनी दुसऱ्या दिवशी विचारलं, ‘आमच्या पोराचा करून देशील काय गं?’

पहिल्या वर्षी मी अर्ध्या किलोचा केक २०० रुपयांना दिला. मैदा, क्रीम, साखर, बटर मिळून १६५ लागायचे. मला वाटायचं, ३५ रुपये सुटले. हिशेबाची वही सासूबाईंनी बघितली. त्यांनी उभा जन्म मागावर काढलेला, साडीमागे मजुरी किती पडते हे त्यांना तोंडपाठ. त्या म्हणाल्या, ‘ह्यात तुझी मजुरी कुठाय? गॅस कुठाय? खोका फुकट आला काय?’ त्या रात्री आम्ही दोघींनी बसून प्रत्येक केकचा कागद केला. सूत, रंग, कांड्या भरणं, विणणं, घडी घालणं असा साडीचा हिशेब करतात, अगदी तसा. आजही नवीन केक आला की आधी तो कागद होतो, मग भाव ठरतो.

अंडं आमच्या ओट्यावर पहिल्यापासून नाही. आमच्या भागात लिंगायत आणि जैन घरं भरपूर, आणि बाकीच्यांचेही सोमवार, गुरुवार, श्रावण असतातच. दोन्ही प्रकार ठेवले तर भांडी वेगळी, बीटर वेगळा, आणि तरीही आलेल्या माणसाच्या मनात शंका राहतेच. वाढदिवसाच्या ताटात शंका नको, म्हणून सगळं बिनअंड्याचं ठेवलं. हा निर्णय मी एका मिनिटात घेतला आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

ओव्हन घेतला तेव्हा मात्र दोन महिने रडकुंडीला आले. केक मधेच बसायचा. पाककृती तीच, हात तोच, पण दुपारी केलेला बसतो आणि रात्री केलेला फुलतो. सगळे म्हणायचे मागाच्या धक्क्यानं बसतो. शेवटी मी आत ठेवायचा तापमापक आणला. काटा १८० वर लावला होता आणि आत होते १५५. खाली माग चालू झाले की वीज दबायची, ओव्हन पुरता तापायचाच नाही, आणि फुललेला स्पंज पक्का व्हायच्या आत खाली यायचा. तेव्हापासून माग थांबल्यावरच, रात्री साडेआठनंतर, स्पंज भाजायचे असं ठरलं. पुढं वरच्या मजल्याची वायरिंग वेगळी केली, तरी ती सवय राहिली. रात्री भाजलेला स्पंज पहाटेपर्यंत पूर्ण गार होतो आणि कापताना भुगा पडत नाही.

अन्नपदार्थांची नोंदणी आम्ही दुसऱ्या वर्षी केली. वर्षाला १२ लाखांच्या आतली उलाढाल असली तर लहान नोंदणी पुरायची, फी वर्षाला १०० रुपये. घरून केक करणाऱ्या पुष्कळ जणी या कागदाला घाबरतात. घाबरू नका, आधी तो करा. खोक्यावर नंबर आणि हिरवा ठिपका आला की अनोळखी माणूसही निर्धास्तपणे ऑर्डर देतो.

आता कुंद्याविषयी, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या दाणेदार मिठाईविषयी. बेळगावात राहून कुंद्याचा केक नाही करायचा तर काय करायचं? पण कुंदा हट्टी आहे. तो तसाच दोन थरांत घातला तर त्याचं तूप सुटतं आणि वरचा स्पंज घसरतो. शिवाय स्पंजवर आपण साखरेचा पाक शिंपडतो, त्यात कुंद्याची गोडी, मग दुसरा घास जात नाही. पाच सहा वेळा बिघडल्यावर जमलं ते असं. कुंदा हातानं कुस्करून, दाणा मोडू न देता, घट्ट फेटलेल्या क्रीममध्ये मिसळायचा, किलोच्या केकला पाव किलो. पाक अजिबात नाही, स्पंज नुसत्या गार दुधानं ओला करायचा. वर सजावट नाही, बाजूनं थोडा कुंद्याचा चुरा. गोकाकच्या करदंटाचाही एक केक आम्ही करतो, क्रीम नसलेला. डिंक, गूळ, खोबरं, सुकामेवा यांचा तो कुरकुरीतपणा रव्याच्या केकवर छान बसतो. उन्हाळ्यात निपाणी, चिकोडीकडे तोच पाठवतो. एप्रिलच्या उन्हात क्रीमचा केक तिकडे पाठवायचा नाही हे एकदा पैसे परत देऊन शिकले.

पण आमच्या धंद्याला वळण लागलं ते एका अक्षरामुळं.

मी मराठी शाळेत शिकलेली. कन्नड बोलते, बाजारात, बसमध्ये, बँकेत चालून जातं, पण लिहिण्याचा सराव नव्हता. इथं अर्ध्या ऑर्डरी कन्नडमध्ये नाव घालून मागतात, आणि ते त्यांचं बरोबरच आहे. ज्या लिपीत आई हाक लिहिते त्या लिपीत नाव हवं. ‘हुट्टुहब्बद शुभाशयगळु’, म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा, हे मी चित्रासारखं पाठ केलं होतं. सहा इंची केकवर ते एका ओळीत मावत नाही, दोन ओळी कराव्या लागतात. एक गोष्ट लक्षात आली, मेंदीसारख्या कोनातून क्रीम सोडताना कन्नड अक्षरं सोपी जातात. ती गोल आहेत, हात वळतो तशी वळतात. देवनागरीत आधी सगळी अक्षरं काढून शिरोरेषा शेवटी ओढायची. आधी ओढली तर अक्षरांची उंची चुकते आणि रेघेला लोंबकळल्यासारखी दिसतात.

२०१८ च्या पावसाळ्यात एका घरून ऐंशी वर्षांच्या आजोबांसाठी केक मागवला होता. वर लिहायचं होतं ‘अज्जनिगे’, म्हणजे आजोबांसाठी. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा वर्ण खाली लिहितात, त्याला ओत्तक्षर म्हणतात. घाईत माझ्याकडून तो खालचा ज राहिला. ‘अज्ज’चं झालं ‘अज’. अज म्हणजे बोकड. खोका घरी पोचल्यावर फोन आला. मला दरदरून घाम फुटला. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या मानाचा प्रश्न होता. मी कोन भरला, बर्फाच्या डब्यात ठेवला आणि यांच्या गाडीवर मागं बसून भर पावसात त्यांच्या घरी गेले.

दारात नऊ वर्षांचा नातू उभा होता. मी केकजवळ गेले तर आजोबांनी हात धरला आणि म्हणाले, ‘नी बेड, अव बरीली.’ तू नको, तो लिहू दे. पोरानं दोन्ही हातांनी कोन धरला, मी नुसता खालून आधार दिला, आणि त्यानं तो खालचा ज काढला. थोडा तिरका, इतर अक्षरांपेक्षा मोठा. आजोबा केक कापायलाच तयार होईनात. सुरी बाजूनं घातली, अक्षराला धक्का लागू दिला नाही. मी केलेल्या गुलाबांकडे त्या घरात कुणी बघितलं नाही, आणि बघायला नकोच होतं.

त्या रात्री घरी येऊन मी यांना म्हटलं, आपण केक पुरा करून देतो हेच चुकतंय. माणसाला आपल्या माणसासाठी काहीतरी स्वतः करायचं असतं. वेळ नसतो, येत नसतं, ओव्हन नसतो, म्हणून आपल्याकडे येतात. तर आपण अवघड ते करावं आणि शेवटचा हात त्यांच्यासाठी ठेवावा.

असा तो खोका तयार झाला. स्पंज भाजून, भरून, वरून क्रीम सारखं करून गार केलेला केक. सोबत लिहायचा एक कोन, फुलांचा एक कोन, आणि नाव लिहिलेला कागद, कन्नड किंवा मराठी, बाण दाखवून, कुठून सुरू करायचं ते. सराव स्टीलच्या पालथ्या ताटलीवर करायचा. लिहायचं, खरवडून परत कोनात भरायचं, पुन्हा लिहायचं. हाताच्या उबेनं क्रीम पातळ झालं तर कोन दोन मिनिटं गार पाण्यात. लोकांनी सुरुवातीला विचारलं, अर्धवट केकला पूर्ण पैसे कसे? रास्त प्रश्न होता. मी ५० रुपये कमी केले, खरं तर कोन आणि कागदाचा खर्च त्याहून जास्त होता. सहा महिन्यांनी कुणी विचारेनासं झालं आणि मी भाव पुन्हा सारखा केला. आज आमच्या दहातले चार केक असे जातात.

खोक्यात कणकेच्या दिव्यांचाही एक पुडा असतो, हे सासूबाईंचं म्हणणं. आमच्याकडे वाढदिवसाला औक्षण करतात, ज्योत ओवाळतात. फुंकर मारून ती विझवायची हे जुन्या माणसांना सहन होत नाही. मेणबत्ती हवी त्यांनी लावावी, पण दिवे हाताशी असले की आजीलाही तिचं काम मिळतं. मळलेली कणीक, वाती, आणि एक चिमूट हळद. खर्च नगण्य. पण या पुड्याचं जेवढं कौतुक होतं तेवढं कुंद्याच्या केकचंही होत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाऊस असा झाला की आमच्या भागात घराघरांत पाणी शिरलं. आमचे माग गुडघाभर पाण्यात होते. ओव्हन वर म्हणून वाचला. त्यातून सावरतोय तोवर मार्च २०२० आला, लॉकडाऊन लागला, आणि माग पूर्ण थांबले. यांना बसून राहायची सवय नाही. खाली साड्यांचे तुकडे, काठाच्या पट्ट्या, सूत पडलेलं. सासूबाईंनी ते गोळा करून वाकळ शिवायला घेतली. आम्ही वाकळ म्हणतो, शेजारच्या अक्का कौदी म्हणतात, टाका एकच. त्या अक्का आज आमच्याकडे कामाला आहेत आणि माझं कन्नडचं प्रत्येक अक्षर त्याच तपासतात.

वाकळीतही आम्ही तोच नियम ठेवला. पहिल्या वाढदिवसाच्या बाळासाठी आजीची, आईची जुनी साडी घरून आणायची. आम्ही थर लावतो, कडेची पट्टी शहापूर वडगावच्या मागावरची जोडतो, धावदोरा घालतो. मधला एक चौकोन रिकामा सोडतो. तिथं घरातल्या प्रत्येकानं एकेक ओळ टाका घालायचा. ज्यांनी कधी सुई धरली नाही असे काका, मामा येतात. त्यांचे टाके लांब असतात, ओळ वाकडी जाते. आम्ही ते उसवून नीट करत नाही. एका शिवणारणीनं एकदा चांगुलपणानं रात्रीत सगळे टाके सरळ करून ठेवले होते. त्या घरचे आले, बघितलं आणि गप्प झाले. मी ती वाकळ परत उसवली आणि त्यांना पुन्हा बोलावलं.

आज आम्ही सहा जणी आहोत, आणि हे. माग दोन राहिले, बाकी दोन विकावे लागले. त्याचं दुःख घरात आहे, ते लपवत नाही. त्या जागेवर आता कामाचा लांब ओटा आहे. रविवारी दुपारी ३ ते ५ तो लोकांसाठी मोकळा ठेवतो. ज्यांना घरी गुपचूप करता येत नाही ते इथं येऊन केक पुरा करतात. खानापूर तालुक्यातले लष्करातले जवान सुट्टीवर आले की येतात. वाढदिवस दोन महिन्यांपूर्वी झालेला असतो, पोरीला तो आजच आहे असं सांगितलेलं असतं.

मागच्या रविवारी खानापूरकडून एक आजी आल्या. आजोबांना पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. केकवर काय लिहायचं विचारलं तर म्हणाल्या, नाव. कोणतं नाव, तर गप्प. उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्याशिवाय घेतलेलं नव्हतं. शाळा चौथीपर्यंत झालेली. ताटली घेऊन कोपऱ्यात बसल्या, आमच्याकडे पाठ करून. लिहायच्या आणि कुणी बघायच्या आत पुसायच्या. असं चार वेळा झालं. मग उठून केकपाशी आल्या आणि तीन अक्षरं एका दमात काढली. शिरोरेषा शेवटी, सावकाश.

‘झाकण लावा बाई लवकर,’ म्हणाल्या, ‘साडेपाचची बस आहे.’