अंदाजाची ओळ

शाळेच्या महोत्सवानिमित्त स्नेहसंमेलन, सहली आणि कबड्डीच्या ढाली यांवर बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. मी लिहिणार आहे शास्त्रातल्या गणितांवर. होय, गृहपाठाच्या.

वहीत गणित उतरवायची रीत ठरलेली होती. 'दिलेले', 'काढायचे', 'सूत्र', मग आकडेमोड आणि शेवटी उत्तरापुढे एकक. एकक विसरलं की अर्धा गुण गेलाच. एवढं बहुतेक शाळांत असेल. आमच्या बाईंनी मात्र सूत्राच्या आधी आणखी एक ओळ घालायला लावली होती, 'अंदाज'. पेन्सिलीने लिहायचा आणि नंतर खोडायचा नाही. बोर्डात त्याला गुण नाहीत, म्हणून हुशार मुलं कुरकुरायची. गाईडमधून उतरवणाऱ्यांची तर पंचाईतच. गाईडात अंदाज छापलेला नसतो.

अंदाज बांधायचा तर गणितातली वस्तू डोळ्यांपुढे आणावी लागे. ताशी ५४ किलोमीटरने येणाऱ्या एसटीचा वेग ब्रेक लागल्यावर दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद कमी होतो, तर ती किती अंतरावर थांबेल? ५४ ला ५ ने गुणून १८ ने भागलं की १५ मीटर प्रति सेकंद. व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक २ एएस, उत्तर ३७.५ मीटर. आमचे अंदाज १० मीटरपासून 'पुढच्या थांब्यापर्यंत' पसरलेले. मग बाई म्हणाल्या, "आता ताशी ७२ घ्या." सगळ्यांनी थोडं वाढवून ५० च्या आसपास लिहिलं. आलं ६६.७ ! वेग एक तृतीयांशाने वाढला, अंतर पावणेदोनपटीच्याही वर गेलं, कारण सूत्रात वेगाचा वर्ग बसलेला आहे.

रसायनात मोल आला आणि अंदाजाची बोलती बंद झाली. एका मोलमध्ये कण किती, तर ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात; याचा अंदाज कोण बांधणार? बाईंनी घात बाजूला ठेवून चुन्याची भट्टी घेतली. १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर कळीचा चुना किती मिळेल? बहुतेकांनी ९० च्या वर लिहिलं. कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजनचे तीन अणू ४८, बेरीज १००. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ४४ गेले, उरले ५६. जवळजवळ निम्मा दगड हवेत उडाला!

दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ याहून गमतीचा. तो ५६ किलो चुना विरवला आणि भिंतीला सफेदी केली, तर सगळं वाळून पक्कं झाल्यावर वजन किती भरेल? विरताना चुना १८ किलो पाणी स्वतःत घेतो, ७४ होतात. (हौदात ओतायचं पाणी अर्थातच कितीतरी जास्त, आणि चुना इतका तापतो की बरंचसं वाफ होऊन जातं.) भिंतीवर तोच चुना हळूहळू हवेतला ४४ किलो कार्बन डायऑक्साइड घेतो आणि १८ किलो पाणी सोडतो. पुन्हा १००.

"म्हणजे बाई, भिंतीला आपण चुनखडीच फासतो?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. कधी नव्हे ते बाईंनी त्याला शाबासकी दिली.

विजेच्या धड्यात ६० वॅटचा बल्ब रोज ५ तास, ३० दिवसांचे युनिट काढायचे होते. एकाचं उत्तर ९०००. किलोवॅट करायला तो विसरला होता. शेजारी पेन्सिलीने अंदाज होता १०. बाईंनी लाल शेरा मारला, "तुझा अंदाज तुझ्यापेक्षा शहाणा."

मी पुढे शास्त्राकडे गेलो नाही, तालुक्याला हार्डवेअरचं दुकान टाकलं. साठच्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी घेतला तर किती वाचेल, असं गिऱ्हाईक विचारतं. रोज ५ तासांना महिन्याला ९ ऐवजी १.३५ युनिट, हे मी तोंडी सांगतो.

महोत्सवात जुन्या वह्यांचं प्रदर्शन भरवायचं घाटतंय असं कळलं. माझी वही वाळवीने खाल्ली. कुणाकडे त्या ओळीसकट शिल्लक असेल तर कृपया शाळेत आणून द्यावी, नवव्या-दहावीच्या मुलांना हाताळायला मिळेल अशीच ठेवावी, काचेत नको.