थांबला आहे की अडला आहे

शुक्रवार रात्र, काणकोण

आज दिवसभरात मी खडक असा चढलेच नाही, तरी खांदे भरून आलेत. माझा दोर वेगळा, वरच्या झाडाला आणि खडकातल्या दोन फटींना मिळून बांधलेला. त्यावर जुमार (दोरावर वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड) लावून शिकणाऱ्याच्या बाजूला, त्याच्या हातांच्या उंचीवर लटकत राहायचं. तो सरकला की सरकायचं, थांबला की थांबायचं. लीड, म्हणजे दोर खालून सोबत नेत पहिलं चढणं, शिकवायच्या तयारीतला बराचसा भाग हाच आहे.

आजचा मुलगा सत्तरी तालुक्यातला. टॉप रोपवर त्याचे पाय बघत राहावेसे वाटतात, इतके नेमके पडतात. वरून दोर असतो तेव्हा पाय सुटला तरी दोर ताणतो तेवढंच खाली यायचं असतं, म्हणून शरीर मोकळं असतं. लीडमध्ये दोर खालून येतो. शेवटच्या क्लिपच्या, म्हणजे दोर खडकाला अडकवलेल्या जागेच्या, दोन मीटर वर हात सुटला, तर त्या क्लिपपर्यंत दोन, तिच्याखाली आणखी दोन, शिवाय दोराची ढील आणि ताण. पहिल्या दोन-तीन क्लिप होईपर्यंत तर खाली थेट जमीनच असते. हे गणित त्याला तोंडपाठ आहे. पण आज दोर कमरेपासून खाली लोंबायला लागल्यावर तेच पाय जड झाले. खरं तर वरून दुसरा दोर होताच. सुरुवातीला असंच करतात. टॉप रोप पक्का बांधून त्याच्यासोबत लीडचा दोर न्यायचा, म्हणजे शिकणारा सगळं लीडसारखं करतो आणि त्याचा भार मात्र वरच्या दोरावर असतो.

ग्रॅनाइटच्या फटीत त्याने पहिला नट, म्हणजे धातूची पाचर, बसवला, ओढून पाहिला, क्विकड्रॉ (दोन कड्या जोडणारी आखूड पट्टी) लावला, दोर अडकवला. मी फक्त पाहिलं. दुसरी जागा फटीपासून जरा बाजूला होती. तिथे त्याने लांब स्लिंग, म्हणजे पट्टीचा फास, वापरली नाही, त्यामुळे दोर नागमोडी झाला. मला ते दिसलं आणि मी बोलले नाही. तीन-चार मीटर वर गेल्यावर दोर घासून इतका जड झाला की त्याने स्वतःच खाली पाहिलं आणि म्हणाला, "ताई, स्लिंग लांब घ्यायला पाहिजे होती ना?" ही गोष्ट आता तो कधी विसरणार नाही. मी आधी सांगितली असती तर वहीत गेली असती.

तिसऱ्या जागी त्याने फ्रेंड, म्हणजे फटीत उघडून घट्ट बसणारं पाकळ्यांचं साधन, बसवला. पाकळ्या जवळजवळ पूर्ण उघडलेल्या, फट आत रुंद होत जाणारी. असा फ्रेंड हलला की निघतो. इथे गप्प बसायचं नसतं. आमच्यात आधीच ठरलेला एक शब्द आहे, "थांब", आणि तो मी उच्चारला. त्याने हात काढले, नीट पाहिलं, एक माप मोठा काढून जरा खाली लावला.

ज्या चुकीने फक्त दमायला होतं ती होऊ द्यायची आणि जिच्या शेवटी जमीन आहे ती जागच्या जागी अडवायची, हे कागदावर सोपं वाटतं. दोरावर लटकलेलं असताना ठरवायला दोन श्वासांचा वेळ मिळतो. दोर क्विकड्रॉत उलटा अडकला, म्हणजे खडकाच्या बाजूने बाहेर यायच्या ऐवजी बाहेरून आत गेला, तर पडताना तो स्वतःच कडीचं गेट उघडून सुटू शकतो. ही चूक दुसऱ्या प्रकारची. मला ती लगेच बोलून दाखवायचीच आहे, मग शिकणाऱ्याची लय तुटली तरी चालेल.

रविवार, फोंडा

घरी आले. रात्री बाबांशी बोलत बसले होते. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाला बाबा वर्षानुवर्षं प्रॉम्प्टर होते. विंगेत वही धरून उभे राहायचे. त्यांना मी विचारलं, नट मध्येच थांबला की तुम्हाला कसं कळायचं, मुद्दाम थांबला आहे की वाक्य विसरला आहे? बाबा म्हणाले, "डोळे बघायचे. थांबलेला माणूस समोरच्याकडे बघतो. अडलेला माणूस कुठेच बघत नाही. आणि थांबलेल्याला वाक्य दिलंस तर तो प्रवेश तू मारलास."

मला हेच शोधायचं होतं. काल शेवटच्या चढाईत तो मुलगा एका जागी बराच वेळ उभा राहिला. माझ्या तोंडावर पुढच्या पकडीचं वाक्य आलं होतं. पण त्याची नजर फिरत होती, उजवी फट, डावा कंगोरा, पुन्हा फट. तो विचार करत होता. मग त्याने पाय बदलला आणि गेला. त्याच जागी दुसरी शिकणारी, म्हापशाची मुलगी थांबली, तेव्हा तिची नजर दगडाच्या एकाच ठिपक्यावर खिळली होती, श्वास वर चढला होता, टाच थरथरत होती. तिला मी पकड दाखवली नाही. "श्वास सोड, टाच खाली घे" एवढंच म्हणाले. त्याने तिची नजर परत फिरू लागली.

टॉप रोपवर शिकवताना माझ्या मनात सतत दोर असतो. लीड शिकवताना मनात माणूस ठेवावा लागतो. उद्या मी नसताना शिकणारा आपल्या मित्राबरोबर कुठल्यातरी खडकापाशी उभा राहणार आहे, आणि परत फिरायचं की चढायचं हे त्याला एकट्याने ठरवायचं आहे. माझ्या सूचनांवर चढलेला माणूस त्या दिवशी उघडा पडतो.

मंगळवार

मला तयार करणाऱ्या सरांनी वेगळंच काम दिलं होतं. गोव्यात कुठे लीड शिकवणार नाहीस, याची कारणांसकट मांडणी कर, म्हणाले. मला वाटलं होतं अर्ध्या पानात होईल, पण चार पानं झाली.

पहिला जांभा. आपण जांभ्याच्या घरात वाढतो, म्हणून तो दगड विश्वासाचा वाटतो. पण वरचं कवच कडक आणि आत भोकं, चिकणमाती. जमिनीत ओला असताना चिरा सहज कापला जातो आणि उघड्यावर वाळून घट्ट होतो. हरवळ्याची लेणी याच दगडात कोरली आहेत. छिन्नीला असा सहज वाट देणारा दगड पडत्या माणसाच्या धक्क्याला बोल्ट (दोर अडकवायला खडकात कायमचा बसवलेला खिळा) धरून ठेवेल, हे मी कुणाला सांगू शकत नाही. दोर प्रमाणित करताना 80 किलो वजन टाकून पाहतात आणि सिंगल दोरातून येणारा धक्का 12 किलोन्यूटनच्या वर जाऊन चालत नाही, म्हणजे ढोबळ मानाने बाराशे किलोच्या भाराइतका. त्या चाचणीतलं पडणं फार कठोर असतं आणि खडकावर बहुतेक वेळा बरंच कमी येतं, पण बोल्टला ते हिशेब सांगता येत नाहीत.

दुसरं, समुद्रकाठचे खडक. खाऱ्या, उष्ण हवेत स्टेनलेस स्टीलच्या बोल्टला आतून बारीक भेगा पडतात. बाहेरून तो चकचकीत दिसतो आणि एखाद्या दिवशी साध्या भाराने तुटतो. थायलंडच्या किनाऱ्यावर हे घडल्यानंतर तिथे टायटॅनियमचे बोल्ट चिकटवून बसवायला लागले. आपल्याकडे कुणी हौसेने समुद्राकडच्या दगडात साधे बोल्ट मारले असतील, तर मी त्यावर कुणालाही नेणार नाही, स्वतःही जाणार नाही.

तिसरं, सत्तरीतले सह्याद्रीचे कडे. बसाल्ट आहे, उंची आहे, आणि मन तिकडेच ओढ घेतं. पण म्हादई अभयारण्य आहे, परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि कड्यांवर आग्या मोहोळं असतात. लीडवर असलेला माणूस मोहोळापासून पळू शकत नाही, हे एक वाक्य पुरे आहे.

मग उरतं काय? काणकोणकडचे ग्रॅनाइटचे छोटे उभे दगड, पावसाळा संपल्यावरची कोरडी सकाळ, आणि लांबच्या प्रवासाची तयारी. सरांनी चारही पानं वाचली. "नाही म्हणायला शिकलीस, आता हो म्हणायची कारणं लिही," एवढंच बोलले.

बुधवार

प्रमाणपत्राचं लोक सारखं विचारतात. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 पासून आहे, दार्जिलिंगची त्याच्याही आधीची, 1954 ची. तिथे बेसिक, मग ॲडव्हान्स, मग मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिकवायचं कसं याचा अभ्यासक्रम, अशी पायरी आहे. ब्रिटनमध्ये खडकावर लोकांना चढवणाऱ्याची पात्रता वेगळी आणि बाहेर लीड शिकवणाऱ्याची वेगळी. मला ही विभागणी पटते. दोन्ही कामांत दोर सारखाच असतो, पण शिकवणाऱ्याने सांभाळायच्या गोष्टी निराळ्या.

गुरुवार

पुढच्या आठवड्यात चोर्ला घाटाने बेळगाव आणि तिथून बदामी. तिथल्या तांबड्या वालुकाश्मावर बोल्ट असलेल्या वाटा आहेत, त्यामुळे नट-फ्रेंडसारखं गिअर बसवण्याची चिंता बाजूला ठेवून पडणं शिकवता येईल. मधे पाऊस झाला तर दगड पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, कारण ओला वालुकाश्म कमकुवत होतो आणि पकडी तुटतात. हे दोघांनाही आत्ताच सांगून ठेवलं आहे.

पडण्याच्या सरावाला बिले, म्हणजे खालून दोर सांभाळून पडणाऱ्याला झेलण्याचं काम, सत्तरीचा मुलगा देईल आणि त्याच्यामागे दोराचं शेपूट धरून मी उभी राहीन. त्याच्या हातून ब्रेकचा दोर सुटला तर माझ्या हातात असेल. म्हापशाच्या मुलीचं वजन त्याच्यापेक्षा बरंच कमी आहे. त्यामुळे झेलताना तो जागचा हलला नाही तर तिला भिंतीवर आपटल्यासारखा धक्का बसेल. धक्क्याच्या क्षणी त्याने हलकी उडी घेतली पाहिजे. ती आधी जमिनीवर पिशवी टांगून करून घ्यायची, मग चौथ्या बोल्टच्या वर, अगदी छोट्या पडण्यापासून. तिला नको असेल त्या दिवशी करायचं नाही. दोराच्या टोकाला गाठ आहे का हे मी विचारणार नाही, ते दोघं एकमेकांना विचारतात का ते बघणार आहे.