आईची टाच

चवथीच्या दुसऱ्या दिवशी गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली आरती चालली होती. आत्याने माझी हनुवटी उजेडाकडे वळवली आणि विचारलं, "हे काय गो?" ओठाच्या कोपऱ्याखाली तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. दिवाळीपर्यंत तो रुपयाएवढा झाला, बोटांवरही आला. घरात 'कोड' हा शब्द कोणी तोंडातून काढत नव्हतं. आईने मात्र माझे बांगडे बंद केले, सोलकढी बंद केली. लहानपणी माशांवर दूध प्यायला दिलं म्हणून स्वतःलाच बोल लावत रडली. आत्याने बावचीचं तेल आणलं. ते लावून अंगणात उन्हात बसायचं. तिसऱ्या दिवशी मनगटावर पाण्याने भरलेले फोड उठले, आणि ते सुकले त्या जागीही पांढरं पडलं.

मग मी डिचोलीहून पणजी आणि पणजीहून बांबोळीचं इस्पितळ गाठलं.

अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी वूड्स दिवा, म्हणजे डाग दाखवणारा अतिनील दिवा, धरला तेव्हा डाग निळसर पांढरे चमकले. मला ठाऊकही नव्हते असे दोन डाग मानेवर निघाले. अंगाचं रक्षण करणाऱ्या टी-पेशी रंग तयार करणाऱ्या मेलानोसाइट पेशींनाच शत्रू समजून मारतात, तेच कोड, असं त्यांनी सांगितलं. असाच हल्ला थायरॉइडवरही होऊ शकतो, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करायला दिली. बावचीत सोरालेन असतं. ते लावून ऊन घेतलं की त्वचा भाजते, आणि कोड वाढतीला लागलेलं असताना जिथे इजा होते तिथे नवा डाग उमटू शकतो. मासे, दूध, आंबट यांचा काडीचाही संबंध नाही. त्या रात्री मी आईला माशांचं हुमण करायला लावलं.

निघताना त्या म्हणाल्या, "चपला काढा." तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं पाहिलं. मी कारण विचारलं. सावळ्या लोकांत मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग बहुतेक वेळा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तो व्हायला उन्हाची गरज नसते. हणजूण-कळंगुटच्या दुकानांत टी-शर्टांवर दिसतो ना, तो गायक बॉब मार्ली. 1977 साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच रोग सापडला आणि 1981 मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

माझे उपचार म्हणजे टॅक्रोलिमसचं मलम आणि आठवड्यातून दोनदा फोटोथेरपी. पेटीत उभं राहायचं, डोळ्यांवर काळा चष्मा, 311 नॅनोमीटरचे अतिनील किरण, सुरुवातीला काही सेकंदच. पुढे मात्रा हळूहळू वाढवत नेतात. चौथ्या महिन्यात हनुवटीवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके उगवले, प्रत्येक लवेच्या मुळाशी एक. रंगाच्या पेशींचा साठा केसांच्या मुळांत असतो. बोटांच्या टोकांना लव नाही, म्हणून तिथला डाग चिवट. माझ्या बोटांवर अजून काही आलेलं नाही.

त्याच सुमारास एका संध्याकाळी आई शेतातून येऊन पाय पसरून बसली होती. डाव्या टाचेवर काळा डाग, कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला शाई पसरावी तसा. "काटो मोडला गो, आनी कितें?" काटा मोडून दीड वर्ष झालं होतं. माझा पांढरा ठिपका रोज चार जण निरखत होते. तिच्या टाचेकडे मीसुद्धा पाहिलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

डर्मोस्कोपमधून, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून, डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं. तळव्यावरचा साधा तीळ बहुधा रेषांच्या खाचांत रंगलेला असतो. आईचा काळेपणा उंचवट्यांवर होता. तुकडा तपासायला गेला आणि अहवालात मेलानोमा आला, जाडी 0.7 मिलिमीटर. एक मिलिमीटरच्या आतला म्हणजे लवकर सापडलेला, हे समजेपर्यंत आम्ही दोघी जेवलो नव्हतो. डागाभोवतीची एक सेंटिमीटर चांगली त्वचा धरून तो काढला, मांडीची त्वचा टाचेवर लावली. जांघेतल्या गाठी तपासल्या, त्यांत काही नव्हतं. किमो लागली नाही. पाय टेकायची बंदी मात्र आईला ऑपरेशनपेक्षा जड गेली.

आत्याच्या मनात आलंच, की पोरीचं दुखणं आईला लागलं. मी ते डॉक्टरीणबाईंना विचारलं. कोड लागत नाही, आणि कर्करोगही नाही. उलट कोड असलेल्यांना मेलानोमाचा धोका कमी असतो, असं त्या म्हणाल्या. अंगभर पसरलेल्या मेलानोमावर पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब अशी औषधं देतात. ती टी-पेशींचा लगाम सोडतात, आणि मग काही रुग्णांच्या अंगावर कोडासारखे पांढरे डाग उठतात. डॉक्टर ते औषध लागू पडत असल्याचं लक्षण मानतात. लगाम शोधणाऱ्या संशोधनाला 2018 चं नोबेल मिळालं. हे ऐकताना आई माझ्या हनुवटीकडे बघत होती.

आता दर तीन महिन्यांनी तिची तपासणी असते. मधल्या रविवारी जेवणं झाली की ती मला खिडकीशी बोलावते, माझी हनुवटी उजेडाकडे वळवून तपकिरी ठिपके मोजते, आणि मग आपला पाय माझ्या मांडीवर ठेवते.