ड्राफ्टमध्ये नाव नाही, मग पुढे?

गोल्फ क्लब मैदानावर रणजी बघणाऱ्या नाशिककराला आयपीएल लिलावातलं 'अनसोल्ड' म्हणजे काय ते सांगायला नको. आइस हॉकीतही तसंच: उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडण्यात, ३२ संघ, ७ फेऱ्या, २२४ नावं. त्यातून सुटलेला मार्क जिओर्डानो २००४ मध्ये कॅल्गरी संघाकडे थेट करारावर आला, एएचएल या खालच्या लीगमध्ये घासला, २००७-०८ चा हंगाम मॉस्कोत डायनॅमो क्लबकडून खेळला. २०१९ मध्ये सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी!

बचावपटू पिकतोच उशिरा. उलटं स्केटिंग करत समोरच्यापासून साधारण एका स्टिकचं अंतर राखायचं, नजर त्याच्या छातीवर. पककडे, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीकडे, बघितलं की हुलकावणी बसलीच. अठराव्या वर्षी हे फार थोड्यांना जमतं, आणि निवड नेमकी तेव्हाच. वर टू-वे करार असेल, तर खालच्या लीगमध्ये पाठवल्यावर पगारही खालचाच.